पानांचे मोल आणि बोलीतील निवाडा

आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी सुट्टीच्या दुपारी रंगणाऱ्या मेंढीकोटात चार दश्श्यांची, म्हणजे मेंढ्यांची, किंमत नियमानेच ठरलेली असते आणि ज्या जोडीने तीन मेंढ्या ओढल्या तिची बाजी झाली, हे पत्ते पिसण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्येही चारच भिडू असतात, समोरासमोरच्या दोन जोड्या असतात, हुकूम असतो आणि चार पानांचा एक असे तेरा दस्त असतात. परंतु कोणत्याही पानाला स्वतःची अशी किंमत नसते. पानाने दस्त मिळवला किंवा मिळवून दिला तरच त्याचे मोल, आणि किती दस्त होतील हे पहिले पान पडण्यापूर्वी बोलीतून जाहीर करावे लागते. उरलेल्या एकोणचाळीस पानांपैकी एकही दिसत नसताना हा अंदाज बांधणे हेच या खेळाचे खरे मर्म आहे.

एकची बोली म्हणजे सात दस्तांचे वचन, चारची बोली म्हणजे दहांचे. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा जास्त मिळालेले दस्तही गेमकडे, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या टप्प्याकडे, मोजले जात. अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये नव्या गुणपद्धतीला जे रूप दिले, त्यात जेवढे बोलले तेवढेच गेमसाठी धरले जाऊ लागले. या एका बदलामुळे कमी बोलणे हीदेखील चूक ठरली आणि पानांच्या मूल्यमापनाला शास्त्राचे महत्त्व आले.

सर्वात रुळलेली मोजणी मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाते. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण धरले की गड्डीत एकूण ४० गुण होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० येतात. चार्ल्स गोरेन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिला पानांच्या वाटणीच्या गुणांची जोड देऊन घराघरांत नेले. साधारण १२-१३ गुणांवर बोली उघडावी, जोडीचे २५-२६ गुण झाले तर गेम आणि ३३ झाले तर बारा दस्तांचा स्लॅम बोलावा, हे आडाखे तिच्यातूनच आले. ही मोजणी सोपी आहे म्हणून टिकली, परंतु ती एक्क्याला थोडे कमी लेखते आणि राणी-गुलामांना थोडे जास्त, विशेषतः ती पाने एकाकी असतील तेव्हा.

समोरच्या भिडूने एक इस्पिक अशी बोली उघडली आहे असे धरून दोन हात ताडून पाहावेत. पहिल्यात इस्पिकचा राजा, नव्वी, सत्ती, चौकी. बदामचा एक्का, अठ्ठी, छक्की, तिरी, दुरी. चौकटची एकटी पंजी. किलवरची नव्वी, सत्ती, तिरी. दुसऱ्यात इस्पिकची नव्वी, सत्ती, चौकी, दुरी. बदामची राणी, गुलाम, छक्की. चौकटची राणी, गुलाम, पंजी. किलवरचा गुलाम, अठ्ठी, तिरी. गुण दोन्हींत सातच आणि इस्पिकची पानेही चारच. मात्र जुळता हुकूम सापडल्यावर गमावण्याचे दस्त मोजण्याची दुसरी रीत लावली, म्हणजे प्रत्येक रंगातील पहिली तीनच पाने पाहून नसलेल्या एक्का, राजा व राणी यांपैकी प्रत्येकासाठी एक दस्त गमावला असे धरले आणि एकट्या पानाच्या रंगात एकाहून अधिक, दुकट्यात दोहोंहून अधिक धरले नाही, तर पहिल्या हातात ८ आणि दुसऱ्यात तब्बल १० दस्त गमावण्याचे निघतात. बोली उघडणाऱ्याकडे असे ७ दस्त सामान्यतः गृहीत धरतात. दोघांची बेरीज २४ मधून वजा केली की पहिल्या हाताबरोबर ९ दस्त अपेक्षित राहतात, दुसऱ्याबरोबर अवघे ७. भिडूकडे गमावण्याचा एक दस्त कमी असला, तर पहिल्या हातावर चार इस्पिकचा गेम साधतो, तोही जोडीकडे पंचवीस गुण नसताना.

आर्वी ही कापसाची जुनी बाजारपेठ. पूर्वी पुलगावहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीला कापसानेच काम पुरवले. तेथील जाणता व्यापारी ढिगाच्या वजनावर भाव सांगत नाही, बोंडातील धागा चिमटीत ओढून त्याची लांबी पाहतो आणि कवडी, म्हणजे खराब कापूस, किती आहे ते तपासतो. ब्रिजमध्ये असा धागा ओढण्याचे काम इतरांची बोली करते. बदामचा राजा आणि दोन लहान पाने हातात असताना उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने बदाम बोलला, तर एक्का बहुधा त्याच्याकडे असतो. त्याला आधी खेळावे लागत असल्याने राजा दस्त करण्याची शक्यता वाढते. तीच बोली डावीकडून आली तर एक्का राजानंतर पडतो आणि तीन गुणांचा राजा जवळजवळ निकामी होतो. तसेच भिडूने चौकटमध्ये आपले एकच पान असल्याचे सांगितले, तर चौकटचे राजा, राणी, गुलाम हे सहा गुण बहुतांशी वाया जातात, आणि त्याच जागी तीन भुक्कड पाने असणे हे भाग्याचे ठरते. पहिल्या मोजणीला चिकटून राहणारा खेळाडू नेमका येथेच चुकतो.

दोन्ही जोड्या चढाओढीने बोलू लागल्या की हुकमांची संख्या गुणांहून अधिक विश्वासार्ह ठरते. फ्रान्सचे झाँ-रने व्हेर्न यांनी मांडले की दोन्ही बाजूंच्या लांब रंगांतील पानांची बेरीज आणि, आपापला रंग हुकूम असताना, दोन्ही बाजूंना होणाऱ्या दस्तांची बेरीज सरासरीने सारखी येते. जोडीकडे नऊ हुकूम असतील तर नऊ दस्तांपर्यंत, म्हणजे तीनच्या पायरीपर्यंत, झुंजावे हा आडाखा त्यातूनच निघाला.

शेवटचा विचार धोक्याचा. स्पर्धेत प्रत्येक डावाआधी कोणती बाजू व्हल्नरेबल, म्हणजे मोठ्या बक्षिसाला आणि मोठ्या दंडाला पात्र, हे ठरलेले असते. तिला गेमचे बक्षीस ३०० ऐवजी ५०० आणि हुकलेल्या दस्ताचा दंड ५० ऐवजी १०० असतो. म्हणून संघांच्या सामन्यात अशा बाजूने सुमारे ३७ टक्के शक्यतेवरही गेम बोलावा असे गणित सांगते. अशा सामन्यात तीच पाने दोन टेबलांवर खेळवली जात असल्याने दैवाचा वाटा फार कमी राहतो आणि निवाड्याचा फरक उघडा पडतो. याच सांघिक प्रकारात २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला कांस्यपदक आणि २०२३ मध्ये हांगचौ येथे रौप्यपदक मिळाले. अजय प्रभाकर खरे हे या दोन्ही संघांत होते.

मेंढीकोट खेळणाऱ्या घरात हा निवाडा कमावण्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. तीच गड्डी वाटून प्रत्येक जोडीने बोलीनंतर, उतारीपूर्वी, अपेक्षित दस्तांचा आकडा कागदावर लिहावा, डाव संपल्यावर चारही हात उघडे मांडावेत आणि कोणता राजा अडला, कोणते एकटे पान कामी आले, ते त्या आकड्याशेजारी नोंदवावे.