विजेचा नवा पहारेकरी

विजेचे आणि घाटाखालच्या या आमच्या मुलखाचे नाते जुने आहे. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खोपोलीस उतरले आणि त्या जोरावर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. खेड्यापाड्यांत दिवे लागावयास मात्र त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. आज कुंभिवलीच्या आसपास शेतात पंप आहे, घरात इस्त्री आहे, तालुक्यात कारखाने आहेत. तेव्हा वीज येते कशी यापेक्षा ती प्रमाणाबाहेर वाहू लागली तर तिला अडवितो कोण, हा प्रश्न आपणां सर्वांच्या अधिक जिव्हाळ्याचा झाला आहे.

तारेतून प्रवाह गेला की तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. साध्या प्लास्टिक वेष्टनाची तार सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापली तरी चालते; त्यापुढे वेष्टन हळूहळू नासू लागते. अतिभार म्हणतात तो हा. शॉर्टसर्किटासारखा तो धडाका करून येत नाही. भिंतीच्या आत तो गुपचूप शिजत राहतो.

यावरचा जुना पहारेकरी म्हणजे फ्यूज. चिनीमातीच्या किटकॅटमध्ये बारीक तार बसवावयाची. ती आधी वितळते आणि बाकीची वाचते. युक्ती उत्तम, पण अशा तारेचा फ्यूज नेमल्या प्रवाहाच्या दीडपट-दुपटीपर्यंत तग धरतो. शिवाय तो पुन्हा पुन्हा जातो म्हणून कंटाळून त्यात जाड तारेचे वेढे घालणारे शहाणे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या घरी मग किटकॅट शाबूत राहते आणि वायरिंग जळते!

मोटरीची गोष्ट याहून अवघड. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पुऱ्या भाराला सुमारे सात अँपिअर घेते. पण सुरू होताना काही क्षण तिला त्याच्या पाच-सहापट लागतात. तेवढे सोसणारा फ्यूज लावला, तर पुढे मोटर दहा अँपिअर घेऊन तासभर जळत राहिली तरी तो हूं की चूं करीत नाही. म्हणून स्टार्टरमध्ये दोन धातूंच्या जोडपट्टीचा रिले असतो. पट्टी तापून वाकते आणि मोटर बंद पडते.

आता आपल्याकडे पंपवाल्यांस पुरेपूर ठाऊक असलेली आपत्ती पाहा. डीपीवरचा एक फ्यूज जातो आणि तीनपैकी दोनच फेज उरतात. चालू मोटर थांबत नाही. तिसऱ्याचा बोजा दोघांवर पडतो, प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो आणि हुंकारत हुंकारत वाइंडिंग काळे पडते. जोडपट्टी वाकावयास वेळ घेते. येथे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाची लहानशी पेटी कामास येते. तिच्यातले अर्धवाहक तिन्ही फेजांचा तोल सारखा पाहत असतात. तोल ढळला आणि दोन-चार सेकंदांत सावरला नाही, की स्टार्टर सुटतो. यावरही दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप ओढणारे आणि त्यासाठी ही पेटीच तोडून टाकणारे लोक आहेत. पीक वाळत असताना माणूस असे का करतो हे आम्हांस समजते. पण मोटर भरून घ्यावयाचा खर्च त्याच पिकातून जातो.

अर्धवाहक म्हणजे काय? वाळूत सापडणाऱ्या सिलिकॉन या मूलद्रव्यात फॉस्फरस किंवा बोरॉनचा लेश मिसळला, की त्यातून वीज जावी की न जावी हे आपल्या हाती येते. ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मला. प्रवाहावर पहारा ठेवण्याची त्याची रीत मोठी गमतीची आहे. वाटेत एक दशांश ओहमचा रोधक ठेवावा. सहा अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत शून्य दशांश सहा व्होल्टचा फरक पडतो, आणि तेवढ्याने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जागा होतो. जागा झालेला हा धाकटा ट्रान्झिस्टर थोरल्याचे खाद्य तोडतो, थोरला आखडतो, प्रवाह सहापुढे जात नाही. कोठे काही वितळले नाही, वाकले नाही.

मात्र असा आखडलेला थोरला स्वतः तापतो. बारा व्होल्ट आणि सहा अँपिअर त्याच्या एकट्याच्या माथी आले, तर बहात्तर वॅट उष्णता एवढ्याशा तुकड्यात! म्हणून चांगल्या रचनेत तो नुसता आखडत नाही, पुरता मिटतो. तेही सेकंदाच्या काही लक्षांश भागांत. आपल्या मोबाइलच्या चार्जरपासून कारखान्यातील ड्राइव्हपर्यंत आज अशाच तऱ्हेचे पहारे आहेत.

ही घाई हौसेची नव्हे. तांबे वितळावयास हजार अंशांहून अधिक उष्णता लागते; सिलिकॉनचा तुकडा दीडशे अंशांच्या आसपास हात टेकतो. जोडपट्टी वाकेपर्यंत तो गतप्राण झालेला असतो. म्हणून मोठ्या अर्धवाहकापाठीमागे चांदीच्या पातळ पट्टीचा, वाळूने भरलेला खास जलद फ्यूज बसवितात. नव्या पहारेकऱ्याला पुन्हा जुन्याच पहारेकऱ्याचा आधार!

कामगारांत वावरणाऱ्या आम्हांस खरी धास्ती आहे ती पुढच्या गोष्टीची. फ्यूज मरतो तेव्हा वाट तोडून मरतो. अर्धवाहक मरतो तेव्हा बहुधा वाट उघडी ठेवून मरतो. आतले थर एकजीव होतात आणि प्रवाह वाहतच राहतो. शिवाय धडधाकट असून मिटलेला असला तरी त्यातून आणि त्याच्या जोडीच्या कंडेन्सरातून काही सहस्रांश अँपिअर झिरपत असतात. पॅनेलवर ‘बंद’ असा दिवा आहे, आणि टेस्टर लावावा तर तो मिणमिणतो. एका कारखान्यात आम्ही पाहिले की ड्राइव्हचे बटण बंद केले एवढ्यावर मोटरीची पेटी उघडावयास सांगत. शेजारच्याच रिलेची चकती, उत्पादन थांबू नये म्हणून, शेवटच्या आकड्यापर्यंत फिरविलेली होती.

हे सारे पहारे तार आणि यंत्र राखण्यासाठी आहेत, माणसासाठी नव्हेत. घरातील सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो, आणि माणसाचा जीव जावयास त्याच्या शतांशाइतका प्रवाहही पुरतो. त्यासाठी तीस सहस्रांश अँपिअरच्या गळतीवर तुटणारा वेगळा स्विच लागतो, आणि तो लावला म्हणून अर्थिंग टळत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मेन स्विच खाली ओढून वाट डोळ्यांदेखत तोडावयाची, त्याला कुलूप लावावयाचे आणि टेस्टरने पुन्हा पाहावयाचे. ड्राइव्ह असला तर त्याच्या पोटातील कंडेन्सर रिकामे होण्यास पाटीवर लिहिलेली मिनिटे जाऊ द्यावयाची. जुने वायरमन किटकॅट उपसून आपल्या खिशात घालीत आणि मगच खांबावर चढत. ते खिशात आहे तोवर खालून कोणी वीज सोडील ही भीती त्यांना नसे.