टाक्यांनंतरचे सहा आठवडे
बाळंतपणांनंतर अंग बाहेर येते, तरी आपल्या भगिनी लाजेपोटी वर्षानुवर्षे सोसतात. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. अशा बाईजवळ मन मोकळे करावे, डॉक्टरीणबाईंना दाखवावे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस दुखतेच. टाके हळूहळू विरघळतात. साधारण सहा आठवडे हंडा उचलू नये, पतीने संयम ठेवावा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. ताप, दुर्गंधी, जास्त रक्तस्राव किंवा लघवी अडल्यास लगेच दवाखाना गाठावा. उभे राहवत नसेल तर नमाज बसून अदा करण्याची सवलत दीनने दिलीच आहे; मग घरकामाची सवलत आम्ही घरच्यांनी का देऊ नये?