अधूनमधून रुसणारी क्लॅरिओनेट

वाद्य साफ बंद पडलं तर दुरुस्त करणाऱ्याचं काम एका परीनं सोपं असतं. मोडलेली चावी दिसते, तुटलेली स्प्रिंग बोटाला टोचते. खरी परीक्षा अधूनमधून रुसणाऱ्या वाद्याची. सकाळी गोड वाजलेली क्लॅरिओनेट संध्याकाळी चारचौघांत चिरकते आणि माझ्या टेबलावर आली की शहाण्या मुलासारखी वागते! नोकरी सांभाळून गेली तीसेक वर्षं मी हा उद्योग करतो आहे.

या वाद्याचा जन्म जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा, १७०० च्या सुमाराचा. आपल्याकडे मात्र ते वरातीतलंच. मास्टर इब्राहिम यांनी त्यावर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या अनेक घरांत असत. काळ्या लाकडाच्या नळीवर भोकं, त्यांवर चाव्या, चाव्यांखाली छोट्या गाद्या. बँडवाले त्यांना पॅड म्हणतात. सर्वांत खालचा सूर काढायचा तर वरची सगळी भोकं घट्ट बंद हवीत. कुठंही केसाएवढी फट राहिली की हवा तिथून निसटते. म्हणून तक्रार बहुधा खालच्या सुरांची असते, दोष मात्र वर कुठंतरी.

पहिला आळ येतो रीडवर. तीन रीड बदलूनही तोच सूर अडत असेल तर रीड निर्दोष, असं मी धरतो. मग वरून एकेक सूर खाली उतरत जायचं. जिथं आवाज डळमळतो, त्याच्या आसपास किंवा वर शोधायचं. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली धरून हळूच ओढली की कळतं. सगळीकडून सारखी अडली तर ठीक, एका बाजूनं सहज सुटली तर फट तिथंच. सूर गुळगुळतो तेव्हा भोकात लाळेचं पाणी साचलेलं असतं. तो आजार नव्हे, फुंकून टिपून घ्यावं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, जोड घट्ट होतात. उन्हाळ्यात ते आकसतं आणि जोड सैल पडतात.

या सैल जोडापायी एका माणसाच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती. तालुक्याच्या गावातले साठीचे एक मास्तर, भर लग्नसराईत माझ्याकडे आले. वरात निघाल्यावर तासाभरानं खालचे सूर दगा देत. घरी वाजवून पाहावं तर सगळं ठीक. ‘‘मालक म्हणतात, मास्तर, तुमची छाती गेली. पुढच्या सुपारीला पोरगा उभा करतो,’’ ते खाली बघत म्हणाले. रीडची दोन पाकिटं त्यांनी पदरमोड करून आणली होती.

मी त्यांना बसून नव्हे, अंगणात चालत वाजवायला लावलं. अर्ध्या तासानं सूर फाटला. ‘‘मास्तर, आता हात हलवू नका,’’ म्हटलं आणि जवळ जाऊन पाहिलं. नळीचे मधले दोन तुकडे जिथं जुळतात, तिथं वरच्या चावीला खालची चावी जोडणारा एक छोटा पूल असतो. त्याची दोन्ही टोकं समोरासमोर हवीत. वाद्याचं ओझं उजव्या अंगठ्यावर, अंगठ्याची टेकण खालच्या तुकड्याला. जोडावरचं बूच झिजलेलं, त्यामुळं चालता चालता तो तुकडा कणाकणानं फिरे, पूल तिरका पडे आणि खालचं पॅड पुरतं मिटत नसे. घरी वाद्य नव्यानं जोडलं की पूल पुन्हा सरळ! मग दोष दिसणार कसा?

जोडाला नवं बूच, पुलाखाली कागदाएवढा पातळ तुकडा. एवढंच काम. दोन्ही तुकड्यांवर खडूची खूण करून दिली.

मास्तरांनी ती सराई पुरी केली. दर वरातीआधी खूण जुळवून बघतात. मालक मात्र अजूनही, ‘‘छाती कशी आहे?’’ असंच विचारतात म्हणे.