माघार आधी मोठ्यांनी घ्यावी

केळापूर तालुक्याचे ठाणे असलेल्या पांढरकवड्यास एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे, आणि तिच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत कोलाम, गोंड व परधान मुले आपला पोड वा गाव, आपली बोली आणि आईबाप मागे ठेवून राहतात. अशा मुलाने भर वर्गात उलट उत्तर दिले म्हणून हात उगारणे हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमान्वये निषिद्ध तर आहेच, पण ते शहाणपणाचेही नाही.

लपवून आणलेला मोबाईल गुरुजी मागतात, मुलगा देत नाही, सारा वर्ग दोघांकडे टक लावून पाहू लागतो, आणि क्षणार्धात मोबाईल बाजूस राहून दोघांच्या अब्रूचा प्रश्न उभा ठाकतो. सोबत्यांदेखत पंधरा वर्षांच्या मुलाने माघार घ्यावी तरी कशी? ती आधी मोठ्या माणसानेच घ्यावी. दोन हातांचे अंतर राखून, अगदी समोर न ठाकता किंचित बाजूला, दाराची वाट मोकळी ठेवून उभे राहावे. आवाज चढविण्याऐवजी उतरवावा. “आत्ता दप्तरात ठेव, सुटीत माझ्याकडे आणून दे,” एवढेच सांगून फळ्याकडे वळावे, उत्तरासाठी तिष्ठू नये. संतापाच्या भरात नाडी जलद चालते, श्वास उथळ होतो, आणि त्या अवस्थेत कितीही सयुक्तिक उपदेश केला तरी तो व्यर्थ जातो. विचारपूस करावयाची ती मुलगा निवल्यावर, एकान्तात, आणि जमल्यास त्याच्या गोंडी वा कोलामी बोलीतील दोन शब्दांनी आरंभ करून. हातात काठी वा दगड असेल, तर झोंबाझोंबी मुळीच करू नये. इतर मुलांना बाहेर न्यावे व सहकाऱ्यास बोलावणे धाडावे.

अर्थात, ज्या शिक्षकाशी मुलाचे आधीचे काही नातेच नाही, त्याच्या मृदू स्वराचा प्रभाव बेताचाच पडणार. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांवर न रागावता त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरीत असत. तेथील त्यांचा अधिकार या सेवेतून आलेला होता.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तालुक्यातील मुख्याध्यापकांस विनंती अशी की, त्यापूर्वीच शिक्षक, अधीक्षक व शिपाई यांना एकत्र बसवून, प्रसंग ओढवल्यास मुलाशी कोणी बोलावयाचे, वर्ग कोणी सांभाळावयाचा आणि घडल्या प्रकाराची नोंद कोणी करावयाची, हे नक्की ठरवून ठेवावे.