पंगत, सोयरीक, खांदा

४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, शहरातली आणखी बरीच नावाजलेली मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. काही दिवसांनी गोपाळराव जोशी यांनी ही नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. पेशवाई बुडून सत्तर वर्षं झाली होती, राज्य इंग्रजांचं होतं, आरोपींमध्ये कायदा कोळून प्यालेली माणसं होती. तरीही टिळकांना काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला द्यावा लागला आणि रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं.

शाळेत हा प्रसंग आपण सुधारकांच्या कचखाऊपणाचा नमुना म्हणून शिकतो. मला ते अन्यायाचं वाटतं. ग्रामण्य, म्हणजे जातीने घातलेला बहिष्कार, काय असतं ते आपण विसरलो आहोत. श्राद्धाला भटजी येत नाही, लग्नाला आलेल्या मुलीसाठी स्थळ येत नाही, सासरी दिलेल्या लेकीला माहेरी पाठवत नाहीत. शिक्षा एकाला होते आणि भोगतं सगळं घर. मित्रांच्या घरची अशी अडचण पाहून रानडे वाकले, हे लक्षात घेतलं तर त्यांना भित्रं ठरवायला जीभ रेटत नाही.

कडक धर्मशिस्तीच्या घरात वाढून पुढे तिच्याबाहेर पडलेल्या माणसांची मराठी मुलखात मोठी परंपरा आहे. कुणी धर्म बदलला, कुणी धर्मातच राहून गुरूची सत्ता नाकारली, कुणाला समाजानेच बाहेर काढलं. बाबा पदमनजींपासून असगर अली इंजिनियरांपर्यंतची ही चरित्रं मी गेल्या वर्षभरात एकापाठोपाठ वाचली. श्रद्धेचा प्रश्न त्यांतल्या बहुतेकांनी मनाशी लवकर सोडवलेला दिसतो. पुढची वर्षं गेली ती जेवायला कोण बसवणार, मुलगी कोण देणार आणि मेल्यावर खांदा कोण देणार, या तीन प्रश्नांत. समाजाची खरी सत्ता याच तीन ठिकाणी बसलेली असते.

आधी बालपणाबद्दल. बाहेर पडलेल्या माणसाचं लहानपण म्हणजे नुसता जाच, असं समजणं चूक आहे. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा, कासार कुटुंबातला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी घरातले उपासतापास, व्रतं, देवधर्म सविस्तर मांडला आहे. ख्रिस्ती झाल्यावर लिहिलेलं हे पुस्तक जुन्या घराला खोडून काढण्यासाठी लिहिलेलं आहे, पण वाचताना कळतं की तो मुलगा त्या देवांमध्ये मनापासून रमला होता. नियमांची ऊबही असते. सकाळी काय करायचं, कुणाच्या पाया पडायचं, काय खायचं, हे ठरलेलं असलं की लहान मुलाला जग सुरक्षित वाटतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं घर त्याच्या दुसऱ्या टोकाचं. १८५७ नंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे; मीठसुद्धा धुतलं जाई. मीठ धुणं म्हणजे काय याचा जरा विचार करावा. पाण्याखाली धरलं की ते विरघळायला लागतं, मूठभर धुतलं तर चिमूटभर उरतं. त्या घरातल्या बायका हे रोज करत होत्या, आणि शेजारीपाजारी त्याला धर्म म्हणत होते.

माझ्या आजीचं सोवळं इतकं कठोर नव्हतं. माजघरात उंच बांधलेल्या वळणीवर तिचं धुतलेलं लुगडं काठीने वाळत घातलेलं असे. सुट्टीत आम्ही नातवंडं तिच्याभोवती असायचो, पण सकाळचा स्वयंपाक उरकेपर्यंत तिला शिवायचं नाही. एकदा मी पडले, गुडघा फुटला, रडत तिच्याकडे धावले, तर ती दोन पावलं मागे सरली. नंतर, सोवळं उतरल्यावर, तिने मला किती वेळ मांडीवर घेतलं होतं तेही मला आठवतं. तिच्या मनात प्रेम कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही. ती मागे सरली ती सवयीने. नियम एवढा अंगात मुरतो की हातपाय मनाच्या आधी हलतात. बाहेर पडणाऱ्याला पहिली झुंज द्यावी लागते ती या अंगवळणाशी.

म्हणूनच पंगत इतकी महत्त्वाची. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांसारखी शिकलेली माणसं तीत होती. जातिभेद मानत नाही हे सिद्ध करण्यासाठी सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, मुसलमानाने आणलेलं पाणी प्यावं लागे. प्रतिज्ञा लिहून घेण्याऐवजी त्यांनी पाव खायला लावला, कारण गळ्याखाली उतरलेला घास परत घेता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण हे सगळं गुपचूप. १८६० च्या सुमाराला सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार अशी भीती पसरली आणि सभा विस्कटली. देश बदलायला निघालेली माणसं एका यादीपुढे गारद झाली. यादी जगजाहीर झाली तर घरच्या पंगतीत आपलं पान मांडलं जाणार नाही, एवढंच कारण त्याला पुरलं.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधल्या वर्षांची कहाणी ‘स्मृतिचित्रे’त आहे आणि माझ्या मते मराठी गद्यात तिच्या तोडीचं फार थोडं आहे. नवऱ्याने धर्म सोडला म्हणून बाई एकटी पडली, नातेवाइकांच्या आधाराने राहिली, मग नवऱ्याच्या गावी परत आली तरी चूल वेगळी ठेवून राहिली. जातपात माणसांनी केली आहे, देवाने नव्हे, हे त्यांना विचार करून पटलं. पण पटल्यानंतर परक्या हातचं पाणी पोटात ठरायला वेळ लागला. टिळक कवी होते, त्यांचा निर्णय एका उसळीत झाला असं वाटतं. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, एकेक भांडं ओलांडत. मला त्यांचा प्रवास जास्त खरा वाटतो.

सोयरिकीचं मर्म जोतिराव फुल्यांइतकं कुणाला कळलं नव्हतं. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, भटाशिवाय पहिलं लग्न लागलं. भाषणांच्या आधी लग्न! पुढे जुन्नरजवळच्या ओतूर गावी असं लग्न लागलं, तेव्हा तिथल्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून कोर्टात दावा लावला. उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या वादात शेवटी सत्यशोधकांची बाजू टिकली.

सरकारी नोंदणी पद्धतीने लग्नाची सोय १८७२ च्या कायद्याने झाली, पण त्यासाठी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म आपण मानत नाही असं लिहून द्यावं लागे. ती अट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने गेली. मात्र तीस दिवस आधी नोटीस द्यायची आणि ती कार्यालयात लावायची, हे कलम अजून आहे. घरच्यांच्या धाकातून सुटू पाहणाऱ्या मुलीसाठी हा महिना काय असतो, हे विवाह नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावरचे कागद वाचत उभे राहणारे लोक पाहिले की कळतं.

हा इतिहास संपलेला नाही. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी २०१८ च्या आसपास पुण्यातून कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला. लग्नाच्या रात्री पांढरी चादर द्यायची आणि सकाळी पंचांसमोर नवऱ्याने जबाब द्यायचा, अशी ती रीत. विरोध करणाऱ्यांना समाजाच्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवलं गेलं. या मुलांना आपला समाज सोडायचा नव्हता, एक रीत सोडायची होती. समाजाने दोन्हींत फरक केला नाही.

खांद्याबद्दल लिहिताना पंडिता रमाबाई आठवतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. पुण्य मिळवण्यासाठी त्यांनी जवळचं होतं नव्हतं ते तीर्थांवर आणि दानधर्मावर घालवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात कुटुंबावर पाला आणि पाणी यांवर दिवस काढायची वेळ आली. वडील, आई, बहीण काही महिन्यांत गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. स्मशान दूर होतं. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. ज्या व्यवस्थेवर वडिलांनी सर्वस्व ओवाळून टाकलं, तिने आईला चार खांदेकरी दिले नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटिज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला. हा दांडा कुणी लक्षात घेतला नाही. आणि तिथेही त्या कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी बजावलं आहे की इथल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं ते दुसरं चढवून घेण्यासाठी नव्हे. एका कडक घरातून निघून दुसऱ्या कडक घरात शिरणारे पुष्कळ असतात. रमाबाईंचं मोठेपण मला इथे दिसतं.

हमीद दलवाईंनी खांद्याचा प्रश्न जिवंतपणीच निकालात काढला. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिशीआधीच, ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही धर्मविधी न करता विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. दफन नाकारण्याची संधीच त्यांनी कुणाला ठेवली नाही. मात्र असं करायला पाठीशी मेहरुन्निसाबाईंसारखी जोडीदार लागते. ‘मी भरून पावले आहे’ या त्यांच्या आत्मकथनात या संसाराची किंमत शांतपणे मांडलेली आहे.

मुंबईतली माझी एक मैत्रीण अशाच एका शिस्तीच्या समाजात वाढली. समाज कुठला ते सांगत नाही, तिची भावंडं अजून तिथेच आहेत. तिने परसमाजात लग्न केलं, पंधरा वर्षं कुणी बोललं नाही, ते तिने सोसलं. वडील गेले तेव्हा तिला कळवण्यात आलं की माफीनामा दिला तरच मातीला येता येईल. ती विचारवंत बाई आहे, तिने आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती. तिने सही केली. “बापाची माती होती गं,” एवढंच ती मला म्हणाली.

असगर अली इंजिनियर यांची गोष्ट याच प्रश्नाची, पण त्यांनी ती सार्वजनिक केली. वडील दाऊदी बोहरा समाजाचे आमिल, म्हणजे धर्मगुरूंचे स्थानिक प्रतिनिधी; घरात कुराणाचं आणि अरबीचं शिक्षण. मुलगा स्थापत्य अभियंता होऊन मुंबई महापालिकेत नोकरीला लागला. १९७२ च्या सुमाराला उदयपूरच्या बोहरा तरुणांनी धर्मगुरूंच्या ऐहिक सत्तेला आव्हान दिलं आणि इंजिनियर त्यांच्या बाजूने उभे राहिले. इस्लाम त्यांनी कधीच सोडला नाही, उलट आयुष्यभर त्याचा अभ्यास केला. त्यांचा विरोध होता तो लग्न, दफन, धंदा यांसाठी एकाच माणसाची परवानगी घ्यावी लागण्याला. न्या. नथवानी आयोगाने १९७९ च्या अहवालात सुधारकांच्या छळाची आणि बहिष्काराची नोंद केली. फेब्रुवारी २००० मध्ये इंजिनियर यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. उदयपूरच्या सुधारकांनी आपली वेगळी जमात उभी केली, आणि म्हणूनच ते टिकले.

टिकण्याचं रहस्य तिथेच आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केली आणि धर्मांतर केलं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. एकवीस वर्षं ते थांबले, कारण त्यांना एकट्याने जायचं नव्हतं. नागपूरला लाखो माणसं एकदम बाहेर पडली. देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले. पंगत, सोयरीक आणि खांदेकरी मात्र सोबत आले. सवर्णांचा राग, गावचा बहिष्कार, नव्या बौद्धांना केंद्रातल्या सवलतींसाठी १९९० पर्यंत पाहावी लागलेली वाट, हे सगळं त्या समाजाने सोसलं. पण घर तुटून एकटा पडलेला माणूस त्या कथेत विरळा. पदमनजी किंवा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेलं एकटेपण तिथे नव्हतं.

एकट्यासाठी उरतो तो कायदा, आणि त्याची चाल मुंगीची. १८५० च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केला. बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. विरोधात होते ते सरन्यायाधीश सिन्हा. समाजातून काढलेल्या माणसाचं माणूस म्हणून जगणंच हिरावलं जातं, हे त्यांनी ओळखलं होतं. सुधारकांनी १९८६ मध्ये फेरविचारासाठी दाद मागितली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवला. दरम्यान डॉ. दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध उभ्या केलेल्या लढ्यातून महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड. स्मशानभूमी किंवा दफनभूमी नाकारणं हाही त्यात गुन्हा आहे, आणि तक्रार बहिष्कृत माणूस किंवा त्याच्या घरचं कुणीही पोलिसांकडे अथवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करू शकतं. हा कायदा चांगला आहे. तो माहीत असलेली माणसं फार थोडी आहेत.

पण मला न आलेल्या निमंत्रणावर खटला भरता येत नाही, आणि बहिष्कार बहुतेक वेळा तसाच घातला जातो. म्हणून हा लेख वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरातून, नात्यातून कुणी असं बाहेर पडलं असेल, धर्म सोडून, पंथ सोडून, परजातीत लग्न करून, तर वाद मिटण्याची वाट पाहू नका. या दिवाळीत त्यांना फराळाला बोलवा, पुढच्या लग्नाची पत्रिका पाठवा, आणि घरात कुणाचं काही झालं तर पहिल्या फोनांमध्ये त्यांना फोन करा.