पाहुणा, जहाज आणि बेटाचे दार

२०२० चा रमजान वाचकांना आठवत असेलच. तरावीह घरातच झाली. ईदची नमाज बाप-लेकांनी हॉलमध्ये चटई अंथरून अदा केली, आणि शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर शीरखुर्म्याची वाटी ठेवून लांबूनच सलाम केला. पुढे पावसाळा सरला, थंडी आली, तरी मुंबई-पुण्याचे तोंड मास्कआडच होते. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याच देशाच्या एका कोपऱ्यात लग्नांच्या पंगती उठत होत्या, मुले शाळेत बसत होती आणि जुम्याला मशिदी भरत होत्या. तो कोपरा म्हणजे लक्षद्वीप. कोरोना भारतात शिरल्यापासून जवळजवळ वर्षभर तिथे एकही रुग्ण सापडला नव्हता.

ही गोष्ट आम्ही तेव्हा कौतुकाने वाचली आणि विसरूनही गेलो. नंतर काय झाले याची चौकशी केली तेव्हा कळले की खरी गोष्ट त्या शून्याच्या पुढे सुरू होते.

लक्षद्वीपची ओळख आपल्याकडे निळ्या पाण्याच्या छायाचित्रांपलीकडे फारशी नाही. अरबी समुद्रात ३६ बेटे, त्यांतील जेमतेम दहा कायम वस्तीची. सगळ्यांची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोन-चार गावांच्या शिवाराएवढी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या थोडी वर, आणि त्यांत ९६ टक्क्यांहून अधिक मुस्लिम. बहुतेक बेटांवर मल्याळमची एक बोली बोलतात. दक्षिणेकडच्या मिनिकॉयला मात्र मालदीवच्या भाषेशी सख्खे नाते असलेली महल भाषा आहे. नारळ आणि टुना मासा यांवर घर चालते. मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि तो महिनोन् महिने टिकतो. आपल्या कोकणातल्या सुक्या मासळीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. घराणे आईच्या बाजूने चालते, वडिलोपार्जित घर आणि बाग मुलींच्या वंशात राहते. मुस्लिम समाजात अशी पद्धत असल्याचे ऐकून आपल्याकडे अनेकांच्या भुवया उंचावतात, पण तिथे ती शतकानुशतके नांदते आहे.

तांदूळ, भाजी, औषध, सिमेंट सगळे मुख्य भूमीवरून येते. कोचीपासून ही बेटे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत आणि जहाजाला चौदा-सोळा तास सहज लागतात. विमानतळ एकच, अगत्तीला. कवरत्तीला इस्पितळ आहे, लहान बेटांवर छोटी आरोग्य केंद्रे. रुग्ण फारच अत्यवस्थ झाला तर हेलिकॉप्टरने कोचीला न्यायचे, आणि हवामान बिघडले तर थांबायचे. बित्रा बेटावर २०११ साली २७१ माणसे राहत होती. अशा बेटावर एकाच आठवड्यात वीस जणांना श्वास लागला तर काय होईल, हे समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

त्यामुळे ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला तेव्हा बेटांनी आपले दार लवकर ओढून घेतले. दार त्यांच्याकडे आधीपासून होतेच. बाहेरच्या कोणालाही, मग तो भारतीय नागरिक का असेना, परवान्याशिवाय लक्षद्वीपमध्ये पाऊल ठेवता येत नाही. १९६७ चे नियमच तसे आहेत. पर्यटकांचे परवाने बंद झाले. पण दार बंद करणे हा या गोष्टीतला सोपा भाग.

साथीच्या काळातला पाहुणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गॉगल लावलेला पर्यटक येतो. बेटावर येणारा बहुतेक वेळा घरचाच माणूस होता. कोचीच्या किंवा कोझिकोडच्या कॉलेजात शिकणारी मुलगी, आजारी वडिलांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेलेला मुलगा, जहाजावर काम करणारा खलाशी, सरकारी नोकर. यांना परत यायचेच होते आणि त्यांना आणणेही भाग होते. मग नियम असा झाला: आधी कोचीत प्रशासनाने ठरवलेल्या जागी आठवडाभर विलगीकरण, मग चाचणी, ती निगेटिव्ह आली तर जहाज, आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा काही दिवस घरात एकांत. जहाजाच्या धक्क्यावर उभी असलेली आई लेकाला दुरून पाहणार आणि जवळ घेणार नाही.

असाच प्रसंग आमच्या घरात घडला, म्हणून त्याची कल्पना आम्हाला करता येते. मे २०२० मध्ये आमचा एक चुलतभाऊ मुंबईहून ई-पास काढून टेम्पोतून गावी आला. दोन महिने नोकरी नाही, खोलीत सहाजण, रमजान सुरू. गावच्या लोकांनी त्याला वेशीवरूनच शाळेत नेले. चौदा दिवस. चाची रोज इफ्तारीचा डबा शाळेच्या फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवायची आणि दहा पावले मागे सरायची. तो आतून म्हणाला, "मी काय परका आहे का?" चाचीने काही उत्तर दिले नाही, दुसऱ्या दिवशी डब्यात त्याच्या आवडीचे सांदण घातले. गावात त्यावरून भांडणेही झाली. कोणी म्हणे चाकरमानी आले तर रोग येणार, कोणी म्हणे त्यांच्याच मनीऑर्डरीवर गाव उभे राहिले. दोन्ही खरेच होते. शाळेत ना पंखा धड होता ना न्हाणीघर, आणि ज्यांनी त्याला तिथे ठेवले त्यांतल्या कोणी एक रात्रही तिथे काढून पाहिली नव्हती. विलगीकरण योग्य होते, पण त्यातली वागणूक योग्य नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आम्हाला त्या वेळी कळले नाही.

साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्या काळात मोबाइलवर इतकी फिरली की तिचे गांभीर्य काहीसे झिजले. ह. उमर (रजि.) शामच्या वाटेवर सरग येथे पोहोचले असता पुढे प्लेग असल्याचे कळले. त्यांनी सल्लामसलत करून काफिला परत फिरवला. ह. अबू उबैदा (रजि.) यांना तो निर्णय पटला नव्हता. पुढे त्याच अमवासच्या साथीत त्यांचे निधन झाले. आम्हाला यात एक बाब महत्त्वाची वाटते. सगळ्यांत थोर माणसांतही मतभेद झाला, आणि निर्णय मुहाजिर, अन्सार व वडीलधारे यांना बोलावून, विचारून झाला. बेटांच्या कहाणीत हा विचारण्याचा मुद्दा पुन्हा येणार आहे.

एका जहाजाने काय होऊ शकते याचा सर्वांत भयाण दाखला शंभर वर्षे जुना आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून निघालेले 'तालून' हे जहाज पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात लागले. तेव्हा तिथे न्यूझीलंडचा लष्करी अंमल होता. जहाजावर आजारी माणसे असूनही उतारूंना उतरू दिले गेले. त्या जहाजातून इन्फ्लुएन्झा उतरला आणि काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे गेली. लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. घरोघरी कर्ती माणसे, वडीलधारी माणसे गेली. तिथून शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांनी कडक क्वारंटाइन लावले होते. स्थानिक लोकही किनाऱ्यावर पहारा देत होते. तिथे त्या साथीने एकही माणूस दगावला नाही. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआच्या लोकांची माफी मागितली. जे गेले त्यांची तिसरी-चौथी पिढी ती माफी ऐकत होती.

लक्षद्वीपकडे परत येऊ. डिसेंबर २०२० मध्ये बेटांचा प्रशासक बदलला आणि महिन्याच्या अखेरीस प्रवासाचे नियमही बदलले. कोचीतला आठवड्याचा मुक्काम गेला. प्रवासाआधी ४८ तासांच्या आतला आर.टी.पी.सी.आर. निगेटिव्ह अहवाल असला की पुरे. प्रशासनाचे म्हणणे होते की व्यवहार सुरू करायचे तर सवलत हवी. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. वर्षभर कोचीत अडकून पडणे, दर फेरीला आठवडा वाया जाणे, रुग्णांसोबतच्या नातेवाइकांची ओढाताण, याने बेटावरची माणसेही थकली होती. पण अनेक बेटवासीयांनी त्या सवलतीला विरोध केला. आपल्याला न विचारता दार उघडले, अशी त्यांची तक्रार होती.

आठवड्याचा मुक्काम आणि एक चाचणी यांत फरक काय, असे कोणी विचारील. फरक दिवसांचा आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, कधी चौदापर्यंत. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत चाचणीला तो सापडतच नाही. सोमवारी लागण झालेल्या माणसाचा मंगळवारी नमुना घेतला तर अहवाल स्वच्छ येईल, आणि गुरुवारी तो बेटावर सगळ्यांना गळाभेट देत असेल. मुक्काम हीच खरी चाळणी होती, चाचणी तिची मदतनीस.

१८ जानेवारी २०२१ रोजी कवरत्तीत पहिला रुग्ण नोंदला गेला. जानेवारीच्या सुरुवातीला कोचीहून जहाजाने आलेला राखीव दलाचा एक जवान. त्याचा काही दोष नव्हता, तो नियमानुसारच आला होता. पुढे दुसरी लाट आली. एप्रिल-मेमध्ये, ऐन रमजानमध्ये, अनेक बेटांवर संचारबंदी लागली आणि मेच्या अखेरीपर्यंत बाधितांची संख्या सहा हजारांवर गेली, म्हणजे जवळजवळ दहा माणसांमागे एक. आधी भरलेल्या मशिदी त्या ईदला बंद होत्या. आपल्या वाट्याला जे २०२० मध्ये आले ते त्यांच्या वाट्याला वर्षभराने आले.

दुसरी लाट इतकी जबर होती की जुने नियम असते तरी ती बेटांवर पोहोचली नसती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र त्यांनी राखलेल्या वर्षाची किंमत कमी होत नाही. मृतांचा आकडा शेवटी पन्नासच्या आसपास राहिला. लागण पसरली तोवर लसीकरण सुरू झालेले होते आणि उपचारांची दिशा डॉक्टरांना सापडली होती. तीच लागण एप्रिल २०२० मध्ये झाली असती तर?

मिनिकॉयच्या दक्षिणेला समुद्रापार मालदीव आहे. तोही मुस्लिम समाज, तीच नारळ-माशाची थाळी, पण वाट निराळी. मालदीवचे पोट पर्यटनावर चालते. २०१९ मध्ये सतरा लाख पाहुणे आले होते. लोकसंख्या मात्र पाच-सहा लाख. मार्च २०२० मध्ये त्यांनीही दार बंद केले, पण रिकामी तिजोरी घेऊन किती दिवस बसणार? १५ जुलै २०२० ला विमानतळ उघडला. 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही त्यांची जुनी रीत कामी आली. पाहुणे त्यांच्या बेटावर, गावकरी आपल्या बेटावर. वस्तीच्या बेटांवरची अतिथीगृहे आणखी तीन महिने बंद ठेवली गेली. म्हणजे मोठ्या हॉटेलवाल्याचा धंदा आधी सुरू झाला आणि घराच्या दोन खोल्या भाड्याने देणारे कुटुंब वाट पाहत बसले. आरोग्याच्या दृष्टीने हे बरोबर होते, त्या कुटुंबाच्या दृष्टीने नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे ऑक्सिजनसाठी रांगा लागलेल्या असताना आपलेच काही सिनेतारे मालदीवच्या किनाऱ्यावरची छायाचित्रे टाकत होते. वाचकांना त्याचा संताप आठवत असेल. मालदीवला त्या छायाचित्रांपेक्षा विमानांची भीती अधिक वाटली. २७ एप्रिलपासून भारतीय पर्यटकांना वस्तीच्या बेटांवर बंदी झाली आणि १३ मेपासून दक्षिण आशियातून येणाऱ्यांचा व्हिसाच थांबला. आता पाहुणे आपण होतो, आणि दार आपल्यावर बंद झाले होते. तरीही २०२१ सालात सर्वाधिक पर्यटक भारतातूनच गेले, तीन लाखांच्या जवळपास.

साथ ओसरली. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझ जहाजे जाऊ लागली, आणि जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर तर या बेटांची चौकशी एकदम वाढली. आमच्या ओळखीतली दोन कुटुंबे जाऊन आली. एका भाभींनी सांगितले की परवान्याच्या कागदपत्रांनी फार डोके उठवले, पोलीस दाखला कशाला हवा, आपल्याच देशात. चाची शेजारी बसून मटार सोलत होती. तिने शाळेच्या फाटकाबाहेरच्या त्या दगडाची आठवण काढली. तो अजून तिथेच आहे, मुले त्यावर बसून पेरू खातात.