प्रचाराचा ताप, निकालाची धडधड

निवडणूक लागली की रामदासपेठेतल्या दवाखान्यांत एक ठरावीक रुग्ण दिसू लागतो. वय पन्नाशीच्या पुढे, गळ्यात पक्षाचा दुपट्टा आणि आवाज पार बसलेला. ‘परवा सभा आहे डॉक्टरसाहेब, तेवढा घसा मोकळा करून द्या,’ एवढीच त्याची मागणी असते. रक्तदाब तपासला तर तो चढलेला. गोळी शेवटची कधी घेतली, असे विचारले की तो सोबत आलेल्या कार्यकर्त्याच्या तोंडाकडे पाहतो. कोणत्या वॉर्डात किती मते मिळणार, याचा हिशेब मात्र त्याला तोंडपाठ असतो.

नागपूरच्या राजकारणात उन्हाळ्याला टाळता येत नाही. लोकसभेसाठी येथे २०१४ मध्ये १० एप्रिलला, २०१९ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२४ मध्ये १९ एप्रिलला मतदान झाले. म्हणजे प्रचाराचे शेवटचे आठवडे नेमके पारा चाळिशीकडे जाण्याचे. २४ एप्रिल २०२४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे भाषण सुरू असताना नितीन गडकरी यांना भोवळ आली. थोड्याच वेळात सावरून त्यांनी भाषण पूर्ण केले आणि उष्म्यामुळे अस्वस्थ वाटल्याचे नंतर स्वतःच सांगितले. व्यासपीठावरच्या नेत्याभोवती निदान मदतीला माणसे असतात. खाली पत्रके वाटत फिरणाऱ्या कार्यकर्त्याजवळ बहुधा कुणीच नसते.

उन्हात शरीर दोन मार्गांनी स्वतःला थंड ठेवते. घाम येतो आणि त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो. घामावाटे तासाला लिटरभर पाणी सहज जाऊ शकते. अशा वेळी माणूस बराच काळ एका जागी उभा राहिला, तर रक्त पायांत साचते, दाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि भोवळ येते. अशा माणसाला सावलीत आडवे करून पाय उंच ठेवले की बहुतेक वेळा तो लवकर शुद्धीवर येतो. गर्दीतली माणसे त्याला उभा करायला किंवा खुर्चीत बसवायला धावतात. नेमके तेच टाळायचे असते.

उष्माघात याहून फार गंभीर आहे. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि माणूस बरळू लागतो, चिडचिड करतो किंवा बेशुद्ध पडतो. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतणे, वारा घालणे, काखेत व जांघेत बर्फ ठेवणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे हेच उपचार. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या सरकारी सोहळ्यानंतर उष्म्याने १४ जणांचे प्राण गेले. ती दुपार प्रत्येक सभेच्या आयोजकाने लक्षात ठेवावी.

ऊन नसतानाही स्पर्धा शरीराला तापवतेच. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारले जाताच मुलाच्या तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. हे सारे ॲड्रिनलिनचे काम. त्यामागोमाग कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये ताण मोजण्याची एक चाचणी मांडली. तिच्यात व्यक्तीला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायला लावतात आणि मग तोंडी गणिते घालतात. एवढ्यानेही कॉर्टिसॉल दुप्पट ते चौपट होते. धोका दूर झाला की ते उतरते, म्हणून स्पर्धेतला तास-दोन तासांचा ताण निरोगी मुलाला अपाय करत नाही. ताण घरी पोहोचल्यावरही सुरूच राहिला, ‘दुसरा का आलास?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागला, तर झोप आणि भूक दोन्ही बिघडतात.

मोठ्यांचेही तसेच आहे. २०२४ मध्ये नागपूरकरांनी १९ एप्रिलला मत दिले आणि निकाल लागला ४ जूनला. उमेदवार, कार्यकर्ते आणि कट्टर समर्थक यांच्यासाठी ही ४६ दिवसांची टांगणी होती. इस्रायलमध्ये २००९ च्या निवडणुकीत मतदान केंद्रावर आलेल्यांच्या लाळेचे नमुने घेतले, तेव्हा त्यांच्यातील कॉर्टिसॉल एरवीच्या दिवसापेक्षा बरेच जास्त आढळले. अमेरिकेत २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवेत हृदयविकार व पक्षाघाताने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण आधीच्या आठवड्यातील त्याच दोन दिवसांच्या सुमारे दीडपट होते. निरोगी हृदय असा धक्का पचवते. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला तो महागात पडू शकतो.

जिंकलेला तरी सुखी असतो का? १७ देशांतील १७२२ ते २०१५ या काळातील निवडणुकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारचे प्रमुख झालेले नेते त्यांच्याशी लढून हरलेल्या, पण कधीही प्रमुख न झालेल्या उमेदवारांपेक्षा सरासरी २.७ वर्षे कमी जगले, असे त्यात दिसले. वयातील फरक लक्षात घेऊनही हा आकडा उरला. पराभव पचवणाऱ्यांना एवढा तरी दिलासा असावा!

प्रचार थांबणार नाही आणि थांबूही नये. काही पथ्ये मात्र पाळता येतात. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी खिशात ठेवावी आणि वेळेवर घ्यावी. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी सुरू असेल, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, ती मनाने बंद करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घेत राहावे. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. दुपारी १२ ते ४ घरोघरी फिरणे टाळावे. बसलेल्या घशाला विश्रांती द्यावी. कुजबुजल्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. तीन आठवड्यांनंतरही आवाज सुटला नाही, तर तो प्रचाराचा दोष मानून सोडू नये. खर्रा किंवा बिडीची सवय असलेल्याने तर घसा लगेच तपासून घ्यावा. आणि निकालाच्या दिवशी छातीवर दडपण आले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत शेवटच्या फेरीपर्यंत टीव्हीसमोर बसून राहू नये.

मतमोजणी त्याच्यावाचूनही पूर्ण होते. त्या दवाखान्यातल्या कार्यकर्त्याला घशाच्या औषधाच्या चिठ्ठीवर रक्तदाबाची गोळीही लिहून मिळते. पाच वर्षांनी पुन्हा दुपट्टा घालायचा असेल, तर दोन्ही औषधांपैकी अधिक गरजेचे कोणते, हे त्याने ओळखायला हवे.